कमिटीत बाई हवी, पण कुठल्या खुर्चीवर?

प्रश्न विचारणाऱ्या ताई संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लाइनवर निम्म्याहून जास्त बाया आहेत, युनियन जुनी आहे, कमिटीत अकरा जण आणि अकराही पुरुष. दोन महिन्यांवर निवडणूक आली आहे. यांनी उभं राहायचं म्हटलं तर कमिटीतले म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी महिला आघाडी काढू, तुम्ही तिच्या अध्यक्ष व्हा." घरून विरोध नाही, पण कुणी पाठही थोपटत नाही. बरोबरीच्या बाया म्हणतात, "तू हो म्होरं, आमी मागं हावोत," पण सभेला एकही येत नाही. आघाडी घ्यावी, निवडणूक लढवावी की हा नाद सोडावा, असं त्यांनी विचारलंय.

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. आघाडी आत्ता घेऊ नका. निवडणूक लढवा, आणि लढवताना खजिनदार किंवा सहचिटणीस ही जागा मागा. एकट्या उभ्या राहू नका, आणखी दोघींना घ्या. आणि निवडून या किंवा न या, पुढच्या करारासाठी जी वाटाघाटी समिती बसेल तिच्यात किमान दोन बाया असतील, असा ठराव सर्वसाधारण सभेतून करून घ्या.

मी कामगार चळवळीत पूर्णवेळ काम करते. सुरुवात परभणी-हिंगोलीकडे अंगणवाडीच्या बायांबरोबर झाली, नंतर वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत करारांना बसू लागले. त्यामुळे सगळा कामगारवर्ग बायांचाच असलेली संघटनाही पाहिली आहे आणि निम्म्या बाया असलेली युनियनही. नेतृत्वाचं दुखणं दोन्हीकडे एकच आहे, म्हणून एवढं मोकळं बोलते.

"बाया पुढंच येत नाहीत" हे वाक्य तुम्हाला या दोन महिन्यांत बरेचदा ऐकू येईल. ते खरं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी संप केला तेव्हा आपल्या मराठवाड्यातल्या गावोगावच्या बाया रस्त्यावर होत्या. २०१८ मध्ये त्यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला मनाई करणारा कायदा, लावायचा निर्णय झाला, तो विधिमंडळात आणि बाहेर एवढा गाजला की सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये परत संप झाला आणि तो जानेवारीत गेला. देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात लेकरू मांडीवर घेऊन आझाद मैदानावर गेलेल्या बायांना पुढं येता येत नाही असं कुणी म्हणू नये. पण त्याच संपांच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यात निवेदन कुणी लिहिलं, अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर कोण बसलं, पत्रकारांशी कोण बोललं, हे आठवून पाहते तेव्हा पुष्कळ ठिकाणी पुरुषच दिसतात. मैदान बायांनी भरलं, टेबल त्यांच्या हाती आलं नाही.

असं का होतं, ते तुमच्याच कारखान्यात बघा. कमिटी निवडणुकीत ठरते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते. शिफ्ट सुटली की चार जण गेटसमोरच्या टपरीवर थांबतात. कुणाचा तरी पगार कापलाय, कुणाला मेमो मिळालाय, त्यावर बोलणं होतं. सेक्रेटरी त्यातल्या एकाला म्हणतो, "उद्या कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात यायचंय, चल माझ्या गाडीवर." तो जातो, फाइल धरतो, तारीख कशी पडते ते बघतो. पुढच्या वेळी अर्ज तोच लिहितो. वर्षा-दोन वर्षांत त्याला मागणीपत्र कसं असतं, समेटाच्या बैठकीत काय बोलायचं, कुठं गप्प बसायचं हे कळायला लागतं. मग निवडणूक येते आणि सगळ्यांना वाटतं, हा माणूस तयार आहे. तो तयार आहेच, पण त्याला तयार करणारे तास टपरीवर आणि गाडीच्या मागच्या सीटवर गेले. तुमची कंपनीची बस शिफ्ट सुटल्यावर दहा-पंधरा मिनिटांत निघते. ती चुकली तर वाळूजजवळच्याच रांजणगाव किंवा पंढरपूर गावापर्यंत रिक्षाचे पैसे, घरी लेकरं, चुलीवर काही नाही. तुम्ही बसमध्ये बसता तेव्हा कमिटी टपरीवर घडत असते. यात हिमतीचा प्रश्न कमी आहे, घड्याळाचा जास्त आहे.

तुमच्या मैत्रिणी सभेला येत नाहीत त्याचंही कारण मला इथंच दिसतं. सभा कधी असते ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी अंदाज करते: दुसरी शिफ्ट सुटायच्या आधी, संध्याकाळी साडेसहा-सातला, गावातल्या युनियन ऑफिसात. त्या वेळेला येऊ शकेल अशी बाई तुमच्या लाइनवर जवळजवळ नसणार. वाळूजच्या एका युनियनमध्ये आम्ही वेळ बदलून पाहिली. सुट्टीच्या दिवशी दुपारी, बजाजनगरातल्या एका समाजमंदिरात, आणि लेकरं आणली तरी चालतील असं आधीच सांगून. पहिल्या सभेला बाया आल्या त्या आपसात कुजबुजत मागच्या ओळीत बसल्या. तिसऱ्या सभेत एकीने उठून ओव्हरटाइमचा हिशोब विचारला आणि तो हिशोब कमिटीला देता आला नाही. तिथून त्या युनियनचं वळण बदललं. म्हणून माझं पहिलं सांगणं: प्रचाराला लागायच्या आधी सभेची वेळ आणि जागा बदलायची मागणी करा. ती मान्य झाली तर तुमची मतं आपोआप सभागृहात येतील. मान्य झाली नाही, तर का नाही याचं उत्तर कमिटीला सगळ्यांसमोर द्यावं लागेल.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या कळल्याशिवाय कुणीही तुम्हाला छातीठोक सल्ला देऊ नये.

पहिली आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सभासदत्व. लाइनवर निम्म्या बाया आहेत म्हणता, पण युनियनच्या रजिस्टरमध्ये किती आहेत? आपल्याकडच्या कारखान्यांत बाया बहुतेक करून ठेकेदाराकडे, ट्रेनी म्हणून किंवा ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असतात. परमनंट पुरुष, आणि त्यांचीच युनियन. असं असेल तर तुमच्या मतदारयादीत दहात एक बाईसुद्धा नसेल आणि निवडणूक तिथंच संपली. तेव्हा आधी यादी मागा. ज्यांची वर्गणीची पावती फाटते त्या किती, ज्यांची फाटत नाही त्या का नाही, हे वहीत लिहून काढा. मुदतीच्या नेमणुकीवरची बाई सभासद होऊ शकते, पुष्कळदा तिला कुणी विचारलेलंच नसतं. ठेकेदाराकडच्या बायांचं प्रकरण अवघड आहे, कारण मालक कागदावर वेगळा असतो. तरी युनियनची घटना, म्हणजे तिची नियमावली, त्यांना सभासद करून घेते की नाही ते बघा. काही युनियनच्या घटनेत त्यांना आडकाठी नसते, फक्त कधी घेतलेलं नसतं.

बाई मोजलीच जात नाही, याचं आपल्या भागातलं सगळ्यांत कडू उदाहरण ऊसतोडीत आहे. बीड, परभणी, जालन्याकडून कोयता निघतो तेव्हा कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मोळ्या बांधणं, डोक्यावर वाहणं, वर गाडी भरायला हात लावणं, यात बाईचा वाटा अर्ध्याहून कमी नाही. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर, हिशोब मुकादमाशी, आणि दरवाढीची बोलणी कारखान्यांचा संघ आणि पुरुष पुढारी यांच्यात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढीचा करार झाला, तो चांगलाच झाला. पण कामावरची बाई पाळीच्या दिवसांत काय करते, खाडा पडला तर दंड कुणाच्या अंगावर बसतो, हे दराच्या आकड्यात येत नाही. गर्भाशय काढून टाकलेल्या बायांचा विषय २०१९ मध्ये बाहेर आला, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं ऊसतोड संघटनांच्या मागणीपत्रात ठळकपणे का आली नाही? मागणीपत्र लिहिणाऱ्यांत ती बाई नव्हती म्हणून. याहून दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

दुसरी गोष्ट: तुमच्या युनियनचा नेता बाहेरचा आहे की आतला? बाहेरचा असेल तर त्याला भेटा. कारखान्यातल्या युनियनमध्ये बाहेरच्या पदाधिकाऱ्यांना कायद्याने मर्यादा आहे, एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांतली कमी असेल ती. म्हणजे बहुतेक जागा आतल्या कामगारांच्याच असतात. बाहेरच्या नेत्याला आतल्या गटातटात फारसा रस नसतो, त्याला संख्या हवी असते. आणि तुमच्याकडे संख्या आहे.

या संख्येला आता जास्त धार आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे युनियन आणि कामगार-मालक वादांबद्दलचा नवा केंद्रीय कायदा, लागू झाली. एका कारखान्यात एकाहून जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनलाच एकटीने वाटाघाटी करायचा हक्क, असं तिच्यात आहे. संहितेतल्या पुष्कळ गोष्टींना आमचा विरोध आहे आणि तो राहील. पण जिथं निम्मा हजेरीपट बायांचा आहे तिथं बायांना वगळून ५१ टक्के होतच नाहीत. हे गणित कमिटीसमोर शांतपणे मांडा. हक्काची भाषा ज्याला पटत नाही त्याला हे गणित पटतं, असा माझा अनुभव आहे.

आता खुर्चीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथं आहे.

युनियनमध्ये सत्ता तीन ठिकाणी असते: पैशाच्या वहीत, पत्रावरच्या सहीत आणि कराराच्या टेबलावर. उपाध्यक्षाच्या हातात यांतलं काहीच नसतं. महिला आघाडीच्या अध्यक्षांच्या हातातही नसतं. ८ मार्चला हळदीकुंकू-सत्कार, १ मे रोजी झेंड्याजवळ उभं राहणं, पाहुण्यांना गुच्छ देणं, एवढंच वाट्याला येतं. खजिनदाराचं तसं नाही. दरमहा वर्गणी किती आली, वकिलाला किती गेले, कुणाच्या प्रवासखर्चाच्या पावत्या नाहीत, हे तिला दिसतं. बँकेच्या चेकवर तिची सही लागते. जिच्या सहीशिवाय पैसा हलत नाही तिला बैठकीची वेळ विचारूनच ठरवावी लागते.

हिशोब जमेल का, अशी धास्ती वाटत असेल तर आजूबाजूला बघा. तुमच्या लाइनवर बचत गट चालवणाऱ्या बाया नक्की असणार. गावाकडं असो की बजाजनगरात, गटाचं रजिस्टर, बँकेचं पासबुक, कर्जाचे हप्ते, व्याज, न भरणाऱ्या बाईकडून गोडीगुलाबीने वसुली, हे सगळं त्या वर्षानुवर्षं करतात. कित्येक युनियनच्या वह्या मी पाहिल्या आहेत. बचत गटाच्या वह्या त्याहून स्वच्छ असतात, हे मनापासून सांगते. गटाची अध्यक्ष किंवा सचिव राहिलेली एखादी शोधा आणि तिलाच खजिनदारपदासाठी उभी करा. तुम्ही सहचिटणीस व्हा, म्हणजे पत्रव्यवहार आणि बैठकांचं इतिवृत्त तुमच्या हाती येईल. इतिवृत्त जो लिहितो त्याला ठराव वेगळ्या शब्दांत घुसडला गेला तर लगेच कळतं.

महिला आघाडी वाईटच, असं माझं म्हणणं नाही. सीटू या देशव्यापी कामगार संघटनेने १९७९ मध्ये कामकरी महिलांची अखिल भारतीय समन्वय समिती काढली, तिच्यातून पुष्कळ बाया घडल्या. पण सीटूच्या अध्यक्षपदावर पहिली बाई, के. हेमलता, २०१६ मध्ये आल्या, आणि त्या आल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या देशव्यापी फेडरेशनचं काम करून, म्हणजे जिथं सभासद बाया आहेत आणि पदंही बायांकडे आहेत अशा जागेतून. आयटक ही दुसरी देशव्यापी कामगार संघटना तर १९२० ची. तिथं अमरजीत कौर सरचिटणीस झाल्या त्या २०१७ मध्ये. आघाडीच्या जोरावर बायांना बोलायची सवय होते, एकमेकींची ओळख होते. ती पायरी म्हणून ठीक. मात्र मुख्य कमिटीत बाया असतील, आघाडीला स्वतःचा थोडा निधी असेल आणि तिचे ठराव मुख्य कमिटीला विचारात घ्यावेच लागतील, असं घटनेत लिहिलेलं असेल तरच ती कामाची. नाहीतर ती बाजूला बसवायची सोय होते. तुम्हाला जी देऊ करताहेत ती दुसऱ्या प्रकारातली आहे, कारण तुम्ही निवडणूक लढवायचं म्हटल्यावरच ती सुचली.

कराराच्या टेबलावर बाई असली की काय बदलतं, हे लोक विचारतात आणि उत्तर बहुधा संडास-बाथरूमवर येऊन थांबतं. ते महत्त्वाचं आहेच. चार तास लाइन सोडता येत नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या बाया मी रोज बघते. पाळणाघर, रात्रीच्या शिफ्टची बस घरापर्यंत सोडते की नाक्यावर, हेही आहे. पण मोठा मुद्दा ग्रेडचा आहे. एकाच लाइनवर बाई बारीक तारा जोडते, सोल्डरिंग करते, तपासणी करते, आणि तिचं पद 'हेल्पर' किंवा 'असेंबलर'. शेजारी मशीनचं बटण दाबणारा 'ऑपरेटर', त्याला कौशल्य भत्ता. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला, आता ती तरतूद वेतन संहितेत आहे, पण पदाचं नावच वेगळं ठेवलं की कायदा बाजूला राहतो. करारात पगारवाढ ग्रेडप्रमाणे ठरते. टेबलावर फक्त ऑपरेटर बसले असतील तर हेल्परच्या ग्रेडचा विषय शेवटच्या दिवशी रात्री दहाला निघतो आणि दहा मिनिटांत मिटतो. यात त्या पुरुषांचं मन काळं असतं असं नाही. आपल्या खिशाला जे जाणवतं ते माणूस आधी मांडतो, एवढंच. म्हणून टेबलावर दोघी हव्यात. एकटी असली तर तिला "ताई, तुमचा मुद्दा घेतला बरं का" असं म्हणून पुढं जातात. दोघी असल्या की एक बोलते, दुसरी लिहून घेते.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास इथं उपयोगी पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गिरणी कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळायच्या खात्यांत. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बाया संपांत पुढं होत्या. पुढं नवी यंत्रं आली, कामाची नवी विभागणी आली, आणि पहिली कुऱ्हाड याच खात्यांवर पडली. बायांची संख्या घटत घटत नगण्य झाली. पुरुषाला कुटुंब पोसण्याएवढा पगार मिळाला की बाईची नोकरी गेली तरी चालेल, हा विचार तेव्हाच्या पुष्कळ पुढाऱ्यांत होता. आज आपल्या कारखान्यांत ऑटोमेशन येतंय. कुठली लाइन आधी बंद करायची हे ठरेल तेव्हा त्या लाइनवरचं कुणी खोलीत असावं, एवढी साधी गोष्ट मी मागते आहे.

एक यादी आहे, जिच्याबद्दल बहुतेक बायांना कुणी सांगतच नाही. संरक्षित कामगारांची यादी. एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान ५ आणि जास्तीत जास्त १००, एवढ्या युनियन पदाधिकाऱ्यांना कायदा जादा संरक्षण देतो: वाद प्रलंबित असताना त्यांना परवानगीशिवाय कामावरून काढता येत नाही. नावं युनियन सुचवते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती, नव्या संहितेतही आहे. कमिटीत निवडून आलात की पहिल्याच बैठकीत तुमचं आणि तुमच्याबरोबरच्या बाईचं नाव या यादीत घाला, असं मागा. पुढं बोलणाऱ्या बाईवर व्यवस्थापन दबाव आणतं तो बहुधा शिफ्ट बदलून किंवा लांबच्या खात्यात टाकून. युनियनच्या कामाबद्दल असा त्रास देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. प्रत्येक बदलीचा हुकूम लेखी मागा आणि जपून ठेवा.

कायद्याने युनियनमध्ये बायांना राखीव जागा आहेत का, हेही तुम्ही विचारलंय. नाहीत. बघा कसं आहे ते: महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांच्या. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर दोन जागा राज्याच्या सहकार कायद्यानेच बायांसाठी राखून ठेवल्या आहेत. म्हणजे गावच्या सोसायटीत बाई असलीच पाहिजे, आणि समतेची भाषा सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या युनियनमध्ये असली काय, नसली काय. मला याचा मनापासून राग येतो. नव्या संहितेत एवढं आहे की २० किंवा अधिक कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यात बायांचं प्रमाण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणाहून कमी नको. तिच्यावर कामगारांच्या बाजूने कुणाची नावं जातात ते बघा, ती जागा आत्ताच मागता येईल.

कायद्यात नाही म्हणून युनियनच्या घटनेत येऊ शकत नाही असं थोडंच आहे? घटनादुरुस्तीची पद्धत घटनेतच लिहिलेली असते. एक ओळ पुरते: कार्यकारिणीत आणि वाटाघाटी समितीत बायांचं प्रमाण सभासदांतल्या त्यांच्या प्रमाणाहून कमी असणार नाही. सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून दुरुस्ती निबंधकांकडे कळवायची. या निवडणुकीआधी ते बसणार नाही कदाचित, पण विषयपत्रिकेवर आणून ठेवा.

यावर आक्षेप येतो की राखीव जागेवर बाहुली बसते, सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा, तसंच युनियनमध्ये खजिनदार बाई आणि चेकबुक सेक्रेटरीच्या खिशात. होतं तसं. आपल्याच तालुक्यांत ढीगभर उदाहरणं आहेत. पण त्याच तालुक्यांत दुसऱ्या खेपेला ग्रामसेवकाला खडसावणाऱ्या सरपंच बायाही मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच पहिल्या खेपेला सहीपुरत्याच होत्या. खुर्चीवर बसल्याशिवाय खुर्चीचं काम कळत नाही, आणि हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे. फरक इतकाच की पुरुषाच्या शिकण्याच्या वर्षांना कुणी बाहुली म्हणत नाही. तुमच्यापुरतं सांगायचं तर कोऱ्या चेकवर सही करायची नाही, एकदाही नाही, सेक्रेटरी कितीही सज्जन असला तरी.

सगळ्यांत अवघड विषय मी टाळणार नाही. कधीकधी छळाची तक्रार युनियनच्याच माणसाविरुद्ध असते. एका ठिकाणी असं झालं. कमिटीने तक्रारदार बाईलाच समजावलं, "मालकाला आयतं कोलीत मिळेल, आपसात मिटवू." ती बाई गप्प बसली, नंतर नोकरीच सोडून गेली, आणि तिच्यामागून त्या लाइनवरच्या बायांनी वर्गणी देणं बंद केलं. माझं मत पक्कं आहे: दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती आहे, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे जावी, आणि युनियनने त्या चौकशीत आपल्या पदाधिकाऱ्याचं वकीलपत्र घेऊ नये. चौकशी संपेपर्यंत त्याने पदावरून बाजूला व्हावं. यामुळे युनियन फुटते असं म्हणतात. मी तरी उलटंच पाहिलंय. तुमच्या जाहीरनाम्यात हा मुद्दा घ्या. काही पुरुष मतं जातील, पण जी बाई आजवर सभेला आली नाही ती कदाचित याच एका ओळीसाठी येईल.

घरचं आणि लोकांच्या तोंडचं. गेटवर पुरुषांत उभी राहते, सेक्रेटरीच्या गाडीवर दिसली, हे बोललं जाणार. त्यावर खुलासे देत बसू नका, व्यवस्था बदला. उपायुक्तांच्या ऑफिसात जायचं तर दोघींनी मिळून रिक्षाने जायचं आणि तो खर्च युनियनच्या प्रवासखर्चात धरायचा. पुरुषाच्या पेट्रोलचे पैसे मिळतात तर तुमच्या रिक्षाचे का नाहीत? घरी नवऱ्याला आणि सासूला एकदा युनियनच्या कार्यक्रमाला आणा. आमच्या ओळखीच्या एका बाईची सासू पहिल्यांदा आली ती तोंड पाडून. सुनेने माइकवर आकडे मांडलेले ऐकले आणि पुढच्या महिन्यापासून सभेच्या दिवशी नातवंडं सांभाळायला लागली. सगळ्याच सासवा असं करतील असं नाही. काहींच्या घरी मारहाण होते, तिथं हा सल्ला लागू नाही, आधी त्या बाईच्या पाठीशी उभं राहावं लागतं.

आणि एकटीने उभं राहू नका हे परत सांगते. अकरात एक असलात तर प्रत्येक बैठकीत 'बायांचं मत' तुम्हालाच विचारलं जाईल आणि बाकी सगळ्या विषयांवर गृहीत धरतील. तिघी असल्या की आपसात मतभेदही करता येतात, एक आजारी पडली तर दोघी असतात, आणि सूचक-अनुमोदकासाठी कुणाचं तोंड बघावं लागत नाही. पुरुष कमिटीत तुमच्या बाजूचे एक-दोन असतीलच, विशेषतः ज्यांच्या बायका किंवा बहिणी अशाच कारखान्यांत आहेत. त्यांना पॅनलमध्ये घ्या. आपलं भांडण युनियनशी नाही, ती आपलीच आहे.

या आठवड्यात करायचं काम असं: सेक्रेटरींकडे लेखी अर्ज देऊन घटनेची प्रत आणि सभासदांची यादी मागा, अर्जाची पोच घ्या. सभासद म्हणून दोन्ही पाहायचा तुम्हाला हक्क आहे. बचत गटवाली कोण आहे ते जेवणाच्या सुट्टीत शोधा. घटनेतलं निवडणुकीचं कलम, यादीतला बायांचा आकडा आणि मागच्या करारात हेल्पर व ऑपरेटरच्या वाढीतला फरक, या तीन गोष्टी हाती आल्या की इथंच लिहा. उमेदवारी अर्ज आणि ठरावाचा मसुदा आपण त्यावरून करू.